तीन ठिकाणचे तेल

आम्ही दोघेही शिक्षक. दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत, दोघेही बी.एड., दोघेही पस्तिशी ओलांडलेले. घरात उर्दू वर्तमानपत्र येते, मराठीही येते, आणि भांडणे होतात ती कोकणी बोलीत. अशा घराच्या पडवीत ३४६ सी.सी.ची, उजव्या पायाने गिअर टाकायची, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट उभी असते आणि रविवारी सकाळी तिच्या शेजारी शिळे वर्तमानपत्र पसरून आम्ही पाने मांडून बसतो, याचे चिपळूणच्या आमच्या मोहल्ल्याला अजून नवल वाटते. त्यातही नवल असे की, टॅपेट लावता येतात ते आमच्यातल्या बाईला. पुरुषाला धुणे-पुसणे येते आणि चहा चांगला करता येतो.

कारण साधे आहे. गाडी तिच्या अब्बांची. मरहूम अब्बा कुवेतला फिटर होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि लाखाहून जास्त हिंदुस्थानी लोक अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले, त्यात अब्बाही एक बॅग घेऊन उतरले. कोकणातल्या किती घरांची कहाणी त्या एका महिन्यात मोडली आणि पुन्हा जुळली, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. अब्बा पुन्हा गेले, पुन्हा आले, आणि १९९६ साली त्यांनी ही गाडी घेतली. मुलगा नव्हता. पाना हातात द्यायला मुलगीच होती. दहावीच्या परीक्षेआधी तिला भूमितीची प्रमेये येत नव्हती, पण या गाडीचे कोणते नट इंची मापाचे आहेत आणि तिथे मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे कसे गोल होतात, हे तोंडपाठ होते.

बुलेट मुळात इंग्रजांची. १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. विलायतेतला कारखाना पुढे बंद पडला, मद्रासचा चालू राहिला. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षे तेच इंजिन थोड्याफार फरकाने आपल्याकडे बनत राहिले, आणि गावोगावच्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. २०१० च्या सुमारास हे इंजिन बंद झाले. आता जी नवी बुलेट मिळते तिचे नाव तेच आहे, आतले सगळे वेगळे.

अब्बा २०१४ साली अल्लाला प्यारे झाले. गाडी आमच्याकडे आली. महिन्यातून दोनदा चालू करायची, पेट्रोल भरायचे, ईदला धुवायची, इतकेच चालले होते. खरी ओळख झाली ती पुरानंतर.

२२ जुलै २०२१. त्या रात्रीविषयी चिपळूणमध्ये प्रत्येकाकडे एक गोष्ट आहे, आमची त्यांच्यापेक्षा मोठी नाही. पहाटे वाशिष्ठीचे पाणी मोहल्ल्यात शिरले, आम्ही अम्मींना घेऊन वर गेलो आणि खाली पडवीत गाडीचे हँडल, मग आरसे, मग काहीच दिसेनासे झाले. पाणी उतरले तेव्हा घरात गुडघ्याएवढा गाळ होता. भांडी, कपाटे, विद्यार्थ्यांच्या वह्या, अब्बांची कुवेतची पत्रे, सगळे एकाच रंगाचे झाले होते. गाडीही त्याच रंगाची. चौथ्या दिवशी भंगारवाला आला आणि त्याने जो आकडा सांगितला त्यात एक चांगली सायकलसुद्धा आली नसती. अम्मी म्हणाल्या, “देऊन टाका. माणूस गेला, लोखंडाचे काय धरून बसता?” पण सांगताना त्या गाडीकडे बघत नव्हत्या.

आणखी एक अडचण होती. १९९६ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आली. ती २०२१ मध्येच येत होती. कोविडमुळे सरकारने कागदांची मुदत वाढवत नेली होती, ती ३१ ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे गाळाने भरलेली गाडी तीन महिन्यांत तपासणीला उभी करायची, नाहीतर भंगारवाल्याचाच आकडा बरोबर ठरायचा. घर उभे करायला पैसे पुरत नव्हते, गॅरेजांपुढे बुडालेल्या गाड्यांच्या रांगा होत्या. मिस्त्री म्हणाला, दिवाळीनंतर या. तेव्हा घरीच करायचे ठरले.

बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, हा पहिला नियम. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. जोर लागला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आजूबाजूच्या कितीतरी गाड्या लोकांनी घाईघाईने किक मारून, ढकलून संपवल्या. आम्ही आधी प्लग काढला आणि हळूच गाडी गिअरमध्ये पुढे-मागे सरकवली. प्लगच्या भोकातून पिवळे पाणी पिचकारीसारखे उडाले. मग थोडे डिझेल आत ओतून दोन दिवस तसेच ठेवले. पिस्टन हलत होता, ही अल्लाची मेहरबानी.

मग तेल. या जुन्या बुलेटमध्ये तेल एका ठिकाणी नसते, तीन ठिकाणी असते: इंजिनात, डाव्या बाजूच्या क्लच केसमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये. तिन्ही घरे वेगळी, तिन्हींची झाकणे वेगळी. इंजिनातले तेल बाहेर आले ते दूध घातलेल्या चहासारखे. पाणी मिसळले की तेलाचा रंग असाच होतो. पुसट आशा होती की, गिअरबॉक्स तरी कोरडा असेल. नव्हता. तिन्ही घरे डिझेलने धुतली, स्वस्त तेल भरले, फिरवले, ओतले, पुन्हा भरले. तिसऱ्या वेळी तेल तेलासारखे दिसले. दोन्ही चाके उघडली तर ब्रेक ड्रममध्ये गाळाची वडी थापलेली. बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरले. कार्बोरेटरच्या जेटमध्ये माती. वायरिंगच्या प्रत्येक जोडावर हिरवा बुरा. तो घासायला आम्ही मुलांचे टूथब्रश वापरले आणि मुलांना नवे आणून दिले, मुले खूश.

याच दिवसांत तो मुलगा यायला लागला. नाव लिहीत नाही. आमच्याच शाळेत नववीला होता. म्हणजे पटावर होता. मार्च २०२० पासून शाळा बंदच होती आणि त्याच्या घरात जो एक फोन होता तो वडिलांकडे असायचा. वडिलांचे छोटे गॅरेज पुरात गेले, कॉम्प्रेसरसकट. आता शाळा सोडून मुंबईला काकांच्या गॅरेजवर बसायचे, असे घरात ठरत होते. तो फाटकातून बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, “मॅडम, पॉइंटचा गॅप जास्त आहे.”

बाहेरून, पाच फुटांवरून! तिने फीलर गेज लावले. खरेच जास्त होता.

पॉइंट म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर. त्यांच्यात ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर लागते. तो मुलगा ते अंतर लग्नाच्या व्हिजिटिंग कार्डाने लावायचा. प्लगचा गॅप हॅकसॉच्या पात्याने. आम्ही कार्ड गेजशी लावून बघितले तर ०.३८ आले, आणि पाते ०.६३. गेल्या वर्षी याच मुलाला दशांश अपूर्णांकांत पाच गुण पडले होते. हे आम्ही त्याला बोलून दाखवले नाही. त्याला गेजवरचे आकडे वाचायला दिले आणि विचारले, कार्ड जाड की पाते, किती पटीने? त्याने पाना खाली ठेवून बोटे मोजली, मग वही मागितली.

आमच्या समाजात गॅरेजवाल्या हाताला एक जागा आहे, आणि शिकलेल्या माणसाच्या डोक्यात त्या हाताविषयी एक अढी आहे. आम्ही शिक्षक त्या अढीचे दुकान चालवतो म्हटले तरी चालेल. “शिकला नाहीस तर पंक्चर काढशील”, हे वाक्य स्टाफरूममध्ये रोज ऐकू येते. ज्याच्या वडिलांचे पंक्चरचे दुकान आहे तो पोर हे ऐकून काय शिकणार? आणि दुसरी बाजूही खरी आहे. एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्या. त्यांना कार्बोरेटर जवळजवळ राहिलाच नाही, फ्युएल इंजेक्शन आले. बिघाड स्कॅनर लावून वाचावा लागतो, आणि तो जे सांगतो ते इंग्रजीत. फक्त कानावर चालणाऱ्या उस्तादांचे दिवस भरत आले आहेत. मुलाच्या वडिलांशी आम्ही हेच बोललो. इज्जतीचे काही बोललो नाही, स्कॅनरचे बोललो. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “दहावीपर्यंत ठेवतो. पुढचे अल्ला जाणे.”

सप्टेंबरच्या शेवटी गाडी सुरू झाली. डीकॉम्प्रेसर दाबून, अॅमीटरचा काटा मध्यावर आणून, सोडून, मग एक पूर्ण किक. नवव्या किकला. अम्मी आत कुराणशरीफ वाचत होत्या, उठून दारात आल्या. काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी शिरकुर्मा झाला, ईद नसताना.

तपासणीत गाडी पास झाली. मग सफरीचे वेड लागले. हे वेड महागडे असते असा समज आहे. दुकानात गेले तर आहेच. आमची गाडी आम्ही आमच्या ऐपतीने सजवली. मागे कॅरिअर हवे होते. गल्लीतला वेल्डर चासीला वेल्ड मारून देतो म्हणाला. आम्ही नको म्हटले. चासी वेल्डिंगने तापते आणि कमजोर होते, आणि ती कायद्यातही बसत नाही. क्लॅम्पने कसले, उद्या सोडता येईल असे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड आहे. मोहल्ल्यातली पोरे मात्र एकच विचारतात, “सर, पंजाब सायलेन्सर कधी लावणार?” पोलिसांनी असल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवलेले फोटो पेपरात येतात, तरी हौस फिटत नाही. ज्या गाडीचा आवाज मशिदीत इमामसाहेबांच्या किरअतीवर चढतो ती गाडी आमच्या दारात नको.

दिव्याचा प्रश्न होता. जुना दिवा पिवळा आणि मंद. घाटात रात्री काही दिसत नाही. त्यात इंजिन संथ चालत असताना दिवा लावला की अॅमीटरचा काटा वजाकडे झुकतो, म्हणजे बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होते. म्हणून जास्त वॅटचा बल्ब घातला नाही. रात्री घाट चढायचाच नाही, मगरिबच्या आधी मुक्कामाला पोहोचायचे, असा नियम केला. पैसे वाचले, जीवही.

सर्वांत जास्त विचार साडी गार्डचा केला. या बुलेटची मागची चेन डाव्या बाजूला आहे, आणि आपल्याकडच्या बायका पाय टाकून बसतात त्याही डाव्या बाजूलाच. म्हणजे बुरख्याचा घेर आणि चेन यांच्यात फक्त गार्ड. बाजारात मिळते ते कंपनीचे गार्ड साडीच्या हिशेबाने केलेले असते. बुरख्याचे कापड हलके, वाऱ्यावर उडते आणि जाळीच्या मोठ्या भोकांतून आत ओढले जाते. चाकात ओढणी अडकून झालेले अपघात प्रत्येक तालुक्यात माहीत आहेत. आम्ही गार्डला आतून बारीक जाळी तारेने बांधली आणि चेन कव्हर पूर्ण बंद ठेवले. शिवाय ती आता दोन्हीकडे पाय टाकून बसते, खाली सलवार, वर आखूड कोट, डोक्याला स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट. यावर मोहल्ल्यात जे बोलले गेले ते आम्ही ऐकले. एका बुजुर्ग चाचांनी तर फाटकात थांबून विचारले, “सर, हे बरे दिसते का?” उत्तर अम्मींनी दिले: “चाचा, चाकात गेलेली बरी दिसेल का?” चाचा हसले. पुढच्या महिन्यात त्यांच्याच सुनेच्या स्कूटरला जाळी बांधून द्यायला आम्हाला बोलावणे आले.

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही विजापूरला गेलो. दाभोळ हे आदिलशाहीचे बंदर, वाशिष्ठी तिथेच समुद्राला मिळते. ज्या नदीने आमचे घर बुडवले तिच्या काठावरून निघून त्या दरबाराच्या गावी जायचे, अशी कल्पना. कुंभार्ली घाट, कऱ्हाड, पुढे सपाटी. निघताना एक काम केले होते: नवी क्लच केबल जुनीच्या बाजूने आधीच टाकून, टेपने बांधून ठेवली होती. घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर जुनी तुटली. दोन टोके सोडली, नवीची दोन टोके अडकवली, पाच मिनिटे. मागच्या एसटीतले लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटले, पाना धरलेली बाई नुसती धरून उभी आहे, काम सर करतील. गोलघुमटात मुलांसारखे ओरडून पाहिले. ताशी पन्नासच्या वर गाडी नेली नाही.

तो मुलगा २०२३ मध्ये दहावी पास झाला. गणितात एकावन्न. आयटीआयला मोटार मेकॅनिकला गेला. पहिले सहा महिने मराठी आणि इंग्रजी शब्दांनी रडवले, कारण त्याने सगळे उर्दूत शिकलेले. रविवारी यायचा, आम्ही शब्द लिहून द्यायचो, तो आम्हाला नवे काहीतरी दाखवायचा. आता पनवेलला एका वर्कशॉपमध्ये आहे. पगार ठीक, गणवेश आहे. गेल्या ईदला आला तेव्हा म्हणाला, “मॅडम, तिथे इंजिन कोणी उघडतच नाही. स्कॅनर सांगतो, आम्ही पार्ट बदलतो.” मग पडवीत बसून त्याने आमचे टॅपेट तपासले: थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. दोन्ही फिरवून बघितल्या, झाकण बसवले, हात पुसले नाहीत.

जाताना त्याने पेट्रोलची नळी दाखवली. फुगून मऊ झाली होती. २०२५ मध्ये पंपांवर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले; जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढते म्हणून टाकी आतून गंजते. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावे, असे तो म्हणाला. नळी आम्ही बदलली. टाकी उतरवून आत टॉर्च मारून पाहिला; तळाशी एका कोपऱ्यात तांबूस डाग आहे, पुराचा की पेट्रोलचा, सांगता येत नाही. २०२६ मध्ये पुन्हा फेरनोंदणी आहे. त्याआधी टाकी धुवून घ्यायची आहे आणि मागचे ब्रेक शू बदलायचे आहेत. अम्मी विचारतात, या वेळी कुठे जाणार? आम्ही बिदर म्हणतो. त्या म्हणतात, मला मागे बसता येणार नाही, पण डबा मी बांधून देईन.