तीन व्होल्टचा सेल

वसतिगृहात राहिलेल्यांना चुडाव्याची काळी माती आणि बाभळीचे काटे वेगळे सांगायला नकोत. पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल दाटून सायकलचे चाक अडे, उन्हाळ्यात पंक्चर. हवा गेली की ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहावे. पुष्कळदा तेथील रबरी नळीच विरलेली असते. ठिगळ लावलेच, तर टायरमधला काटा आधी शोधावा. चेन वेळोवेळी मोजावी. २४ कड्या १२ इंच भरतात, अष्टमांश इंच वाढली की बदलावी. हे सारे मी मुलांना इतिहासाचा तास संपल्यावर शिकवले.

संगणकापुढे मात्र मी हरलो. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा शेवटचा दिवस आणि माझ्या घरच्या संगणकावर संकेतस्थळ उघडेना. एका दुरुस्तीवाल्याने फोनवरूनच मदरबोर्ड बदलायला सांगितले. शेजारी उभा असलेला, सायकलींचे पंक्चर काढणारा दहावीतला मुलगा म्हणाला, "सर, आधी व्हॉल्व्ह पाहू." त्याने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. साल २००२! इतिहासाच्या शिक्षकाला सनावळी दिसली नाही, याची लाज वाटली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल उतरला की वीज जाताच घड्याळ मागे पडते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळेही धोक्याची ठरवतो.

तारीख हाताने दुरुस्त केली. रात्री वीज जाण्यापूर्वी सातही मुलांचे अर्ज गेले. सेल दुसऱ्या दिवशी नांदेडहून आणला.