काचेच्या डब्यातून बोरघाट

मुंबई-पुणे मार्गावर काचेच्या छताचा डबा पहिल्यांदा धावला तो २०२१ च्या जून महिन्यात, डेक्कन एक्स्प्रेसला जोडून. रेल्वे त्याला व्हिस्टाडोम म्हणते. त्याच वर्षी तो डेक्कन क्वीनला लागला आणि पुढच्या वर्षी प्रगती एक्स्प्रेसला. आमच्या घरात या डब्याची चर्चा तेव्हापासून होती, पण ती दरवेळी तिकिटाच्या आकड्यापाशी येऊन थांबायची. सेकंड सिटिंगचे आरक्षित तिकीट मुंबईहून पुण्याला शंभर-सव्वाशे रुपयांत मिळते. त्याच गाडीत, त्याच रुळांवरून, त्याच वेळेत पोहोचणाऱ्या व्हिस्टाडोमचे भाडे आठशे-नऊशेच्या घरात जाते, कारण ते शताब्दीच्या एक्झिक्युटिव्ह वर्गाच्या दराने आकारतात. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंदच आहे. पाच वर्षांवरील मुलाला स्वतंत्र आसन घेतले की पूर्ण भाडे. आम्ही घरात पाच माणसे. एका बाजूचेच चार हजारांच्या आसपास होत होते आणि त्याच महिन्यात मुलीच्या दहावीच्या क्लासचा हप्ता होता.

तरीही या पावसाळ्यात जायचे ठरले, ते अम्मींमुळे. त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू आहे. समोरचे नीट दिसते, पण बाजूची नजर हळूहळू मिटत चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही, औषधाने फक्त उरलेली टिकवायची, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. अम्मींचे माहेर पुण्यात, नाना पेठेत. लग्नानंतर चाळीसेक वर्षे त्या याच घाटातून ये-जा करत आल्या. पण कशा? जनरलच्या डब्यात, मांडीवर एक मूल, पायांशी ट्रंक, आणि पाऊस आत येतो म्हणून खिडकीची झडप खाली ओढलेली. घाट म्हणजे अंधार, इंजिनाची शिट्टी आणि बोगद्यात पोरांचा आरडाओरडा, एवढीच त्यांची ओळख.

तोडगा आमच्या मुलीनेच काढला. दोन तिकिटे काचेच्या डब्याची, अम्मी आणि तिच्यासाठी. उरलेल्या तिघांची त्याच गाडीत सेकंड सिटिंगची. परतताना पाचही जण सेकंड सिटिंगला. असा हिशेब केल्यावर सगळा खर्च आमच्या आवाक्यात आला. धाकट्याने दोन दिवस तोंड फुगवले, तेवढे चालायचेच.

गाडी कोणती घ्यायची हे मात्र नीट पाहावे, कारण पैसे खर्चून अंधार पाहण्यात अर्थ नाही. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी पाचनंतर सुटते आणि प्रगती साडेचारच्या सुमारास. हिवाळ्यात या गाड्या घाटात शिरेपर्यंत दिवस मावळलेला असतो. त्या दोन्ही गाड्या पुण्याहून सकाळी निघतात, तेव्हा पुणेकरांनी त्या घ्याव्यात. मुंबई-ठाण्याकडच्यांना सोयीची ती डेक्कन एक्स्प्रेस. ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सकाळी सातला सुटते आणि अकराच्या सुमारास पुण्याला पोहोचते. आम्ही भिवंडीचे. फजर आटोपून, डबे भरून, रिक्षाने कल्याण गाठले आणि तिथून चढलो.

कर्जतला गाडी थांबते, ती वडापावसाठी नव्हे, जरी सगळे तसेच मानत असले तरी. तिथे मागून जादा इंजिने लावतात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. कर्जत ते लोणावळा अंतर २८ किलोमीटर. एवढ्यात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढते आणि सर्वांत कठीण जागी चढ ३७ फुटांना एक फूट आहे. हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याची एक हकिगत आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये या कामासाठी आला आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस इंग्लंडला परत गेली नाही. तिने कंत्राट स्वतःच्या हाती घेतले आणि अनुभवी अभियंते नेमून काम पूर्णत्वाला नेले. ज्या हजारो मजुरांनी कातळ फोडला आणि कॉलऱ्याने, अपघातांनी ज्यांचे जीव गेले, त्यांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता आमच्या डब्याविषयी. सेकंड सिटिंगच्या खिडकीला गज असतात, काच वर सरकवता येते. पळसदरी मागे पडली आणि ओल्या मातीचा वास आत आला. बोगदा संपताच पाण्याचा आवाज यायचा आणि धबधबा त्यानंतर दिसायचा. एका ठिकाणी तुषार थेट आत आले. समोरच्या बाईंचा पदर, आमचा पेपर, धाकट्याचे गाल, सगळे ओले. तोंड फुगवलेला मुलगा गजांना नाक लावून बोगदे मोजत होता आणि दर वेळी चुकत होता. हे सगळे शंभर-सव्वाशे रुपयांत. फक्त खिडकीची जागा मिळायला हवी. ती पावसाळ्यात शनिवार-रविवारी मिळत नाही, म्हणून आरक्षण साठ दिवस आधी उघडते त्याच सकाळी करावे.

काचेच्या डब्यात काय होते, ते पुण्याला उतरल्यावर ऐकले. ४४ खुर्च्या, वातानुकूलित डबा, मोठाल्या बंद खिडक्या, वर काचेचे छत आणि डब्याच्या एका टोकाला उभे राहून पाहायला मोकळी जागा. मुलीची तक्रार होती की वास नाही, वारा नाही, पाण्याचा आवाजही नाही. काचेबाहेर टीव्ही चालू असल्यासारखे वाटले म्हणे. शिवाय निम्मे प्रवासी घाट येताच मोबाइल वर धरून उभे राहिले. अम्मींचे म्हणणे अगदी वेगळे होते. खुर्ची फिरते, हे त्यांना सर्वांत आवडले. नजर आकसलेल्या माणसाला बाजूचे पाहायचे तर मान सारखी वळवावी लागते आणि वळवेपर्यंत दृश्य निघून जाते. इथे पायाने खटका दाबून नात खुर्चीच दरीकडे वळवायची आणि अम्मींच्या समोर सगळे आपोआप यायचे.

छताविषयी त्या एकच वाक्य बोलल्या. “इतकी वर्षं पाणी पडताना दिसायचं, ते येतं कुठून ते आज दिसलं.” खरेच आहे. घाटात कडा रुळाला इतका चिकटलेला असतो की साध्या खिडकीतून त्याचा मधला तुकडाच दिसतो, माथा कापला जातो. आम्ही तिघेही रोज डोंगर बघणारी माणसे, पण हे आमच्या लक्षात आले नव्हते.

या कल्पनेचा जन्म अमेरिकेचा. १९४४ मध्ये कोलोरॅडोच्या दरीतून इंजिनात बसून जाताना जनरल मोटर्सच्या सायरस ऑसबर्न यांना वाटले की चालकाला दिसते ते प्रवाशालाही दिसावे. पुढच्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेने पहिला घुमटाचा डबा बनवला. आज तिथे अ‍ॅमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्यांत मोठ्या काचांचा एक सामाईक डबा असतो. साध्या वर्गाचा प्रवासीही जादा पैसे न देता तिथे जाऊन बसतो आणि मन भरले की आपल्या जागी परततो. आपल्याकडे २०१७ मध्ये विशाखापट्टणम-अरकू मार्गावर हा डबा आला तेव्हापासून त्यातली खुर्ची स्वतंत्र तिकिटावर विकली जाते. आम्हाला सामाईक डब्याची पद्धत अधिक बरी वाटते. घाट तासाभराचा असतो. तेवढ्यासाठी दहा-पंधरा रुपयांची चिठ्ठी काढून पाळीपाळीने सगळ्यांनाच सोडता आले, तर जनरलच्या डब्यातली मांडीवर मूल घेतलेली बाईसुद्धा तो कडा माथ्यापर्यंत पाहील. गर्दी होईल, हे मान्य. गर्दी आपल्याला नवी नाही.

कोकणातले वाचक विचारतील, आमच्याकडच्या जनशताब्दीचे काय? मुंबई-मडगाव जनशताब्दीला हा डबा २०१७ पासून आहे, तेजसलाही मिळाला. ती गाडी चिपळूणला आणि रत्नागिरीला थांबते. पण मडगावपर्यंतचे भाडे दोन हजारांच्या पुढे जाते आणि कोकण रेल्वेवर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. तेवढा वेळ काचेचे छत असले काय आणि पत्र्याचे असले काय! हौस असेल तर गावी जाताना चिपळूणपर्यंतच काढावे. पनवेल ते रोहा हा सपाट भाग तसा साधाच आहे, खरी मजा त्यापुढे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात. पाहणाऱ्याला ते सोयीचेच. एप्रिल-मे टाळावा, तेव्हा डोंगर करपलेले असतात.

परतीला पुण्याहून सव्वातीनची डेक्कन एक्स्प्रेस धरली. या खेपेला अम्मींना खिडकी दिली, गजांची. घाट उतरताना गाडी मध्ये दोन-तीन ठिकाणी मुद्दाम थांबवतात, ब्रेक तपासण्यासाठी. अशाच एका थांब्यावर, धुक्यात, खाली दरीत पाणी कोसळत होते. अम्मींनी चष्मा काढून पदराने पुसला, गजांतून हात बाहेर काढला आणि गाडी हलेपर्यंत तसाच ठेवला.