आमचीं मांजरें

आमच्या घरांत मांजर असावें असा ठराव आम्हीं कधींही केला नव्हता. सात वर्षांपूर्वीं आषाढांतील एका रात्रीं पावसाची झड लागली असतां ओसरीवरील लाकडांच्या ढिगांतून बारीक आवाज ऐकूं आला. विजेरी घेऊन पाहिलें, तों मुठीएवढें एक पिल्लूं भिजून कुडकुडत होतें. "पाऊस थांबेपर्यंत राहूं द्या," असें घरच्या मंडळींनीं सांगितलें. पाऊस दुसऱ्या दिवशीं थांबला; पिल्लूं मात्र राहिलें. मुलांनीं तिचें नांव मनी ठेविलें. पुढें तिची एक मुलगी सोनी हीही घरांतच राहिली, आणि मांजरें पाळणारे मास्तर म्हणून आमची आळींत ओळख झाली.

मनीस निजण्याकरितां आम्हीं एक मऊ गोधडी दिली होती. ती तिनें सोनीस देऊन टाकिली आणि स्वतःसाठीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पसंत केला. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपेंत घालवितें. मनी त्यांपैकीं निदान चार तास गणिताच्या उत्तरपत्रिकांवर घालवी. गठ्ठा उजवीकडे सरकविला तर तीही उजवीकडे सरके. डावीकडे सरकविला तर डावीकडे. एका विद्यार्थ्याच्या भूमितीच्या आकृतींत जो एक जादा बिंदु आढळला, तो त्याच्या हातचा नसून मनीच्या पंजाचा होता, हें आम्ही येथें त्याच्या पालकांच्या समाधानासाठीं नमूद करून ठेवितों.

तिच्या वाटींत रोज ताजें पाणी भरलेलें असे. पण पाणी प्यावयाचें तें नळाखालच्या बादलींतलेंच, हा तिचा नेम. तिला पाणी पितांना पाहत बसणें हा आमच्या मुलांचा आवडता उद्योग. कुत्रें जिभेचा पळ्यासारखा आकार करून ती पाण्यांत बुडवितें. मांजराची रीत निराळी आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं अतिशीघ्र छायाचित्रें घेऊन २०१० सालीं असें दाखविलें कीं, मांजर जिभेचें टोंक पाण्यास नुसतें टेकवितें आणि झटकन् वर ओढतें. त्यासरशीं पाण्याची एक बारीक धार वर येते, आणि ती खालीं पडण्यापूर्वींच मांजर तोंड मिटून घेतें. एका सेकंदांत हें सुमारें चार वेळां घडतें. म्हणूनच मनीच्या हनुवटीवर थेंब राहत नसे, आणि आमच्या धाकट्या चिरंजीवांच्या सदऱ्यावर मात्र नेहमींच असे.

सोनीची खोड वेगळी. घरांत शिरा झाला कीं ती चुलीपाशीं हजर. तिला गोड आवडतें अशी आमची समजूत होती. परंतु ती खरी नव्हे. मांजरास गोड चव कळतच नाहीं. ती ओळखणारा जीभेवरील ग्राहक बनविण्याचें जनुक त्याच्या ठायीं निकामी झालेलें आहे, असें २००५ सालीं सिद्ध झालें. सोनीची भक्ति साखरेवर नसून तुपावर होती. पावसाळ्यांत अंगणांत खोकलीचें रोप उगवतें. तें उपटून त्याचें मूळ समोर टाकलें कीं दोघी मायलेकी त्यावर गाल घांसतात, लोळतात, उताण्या पडून पाय झाडतात, आणि थोड्या वेळानें, जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा गंभीर चेहऱ्यानें अंग चाटूं लागतात.

मनीची एक संवय मात्र आम्हांस फार उशिरां उमगली. खोलीच्या दुसऱ्या टोंकास बसून ती आमच्याकडे टक लावून पाही; मग डोळे हळूहळू अर्धे मिटी, क्षणभर थांबे, आणि पुन्हां उघडी. तिला झोंप येत असावी असें आम्ही समजत होतों. इंग्लंडमधील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग वाचनांत आले, तेव्हां खरा अर्थ कळला. माणसानें मांजराकडे पाहून असे सावकाश डोळे मिटले, तर तेंही बहुधा तसेंच उत्तर देतें, आणि परक्या माणसानें पुढें केलेल्या हाताजवळ येण्यासही अधिक राजी होतें. निर्धास्तपणा आणि स्नेह व्यक्त करण्याची ही मांजराची भाषा असावी. ती भाषा आमच्याशीं कोणी पांच वर्षें बोलत होतें, आणि भाषेचे शिक्षक असूनही आम्हांस तिचें एक अक्षर समजलें नव्हतें.

आतां आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगतांना आम्हांस संकोच वाटतो. पण वर्गांत आम्ही विद्यार्थ्यांना आपली चूक उभें राहून सांगावयास लावतों, तेव्हां तोच नियम आम्हांसही लागू आहे.

गेल्या वर्षीं फेब्रुवारी महिन्यांत आमच्या घरच्या दुधावर संकट आलें. रात्रीं तापवून झांकून ठेविलेलें पातेलें सकाळीं कलंडलेलें दिसे, आणि साय नाहींशी झालेली असे. असें तीन वेळां झालें. चवथ्या रात्रीं झांकण पडल्याचा आवाज होतांच आम्ही धांवत जाऊन दिवा लाविला. दूध फरशीवर पसरलें होतें, आणि त्याच्या कडेला मनी बसली होती. आमच्याकडे न पाहतां ती मान उंच करून आढ्याकडे पाहत होती. प्रश्न विचारतांच अपराधी विद्यार्थी छताकडे पाहूं लागतो, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव. आम्हांस अधिक पुरावा नको होता.

सकाळीं आम्हीं शिक्षा फर्माविली. मनीस पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावयाचें. आमची मुलगी त्या वेळीं पांचवींत होती. ती म्हणाली, "बाबा, मनी दूध पीतच नाहीं. प्यालें कीं तिचें पोट बिघडतें." हें खरें होतें. वाढलेल्या पुष्कळ मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं, आणि मनीस आम्ही पाणीच देत असूं. पण आम्ही म्हणालों, "पोट बिघडतें तें दिलेल्या दुधानें; चोरलेल्या दुधानें नव्हे." हें उत्तर आम्हांस त्या वेळीं मोठें मार्मिक वाटलें.

"तूं तरी पाहिलेंस काय, दूध दुसऱ्या कोणीं सांडलें तें?" आम्हीं विचारलें.

"नाहीं," ती म्हणाली. "पण तुम्हीं तरी कोठें पाहिलें, बाबा?"

यावर उत्तर नव्हतें. म्हणून आम्हीं पोतें उचललें.

नदीपलीकडचे मळे आमच्या घरापासून तीन किलोमीटरांवर आहेत. सायकलीस बांधलेल्या पोत्यांतून वाटेंत एकदांच आवाज आला. मळ्याच्या बांधावर पोत्याचें तोंड सोडलें. मनी पळून जाईल असें वाटलें होतें. ती पळाली नाहीं. बाहेर येऊन तिनें माती हुंगली, दोन पावलें चालली, आणि बसली. मग आमच्याकडे पाहून तिनें डोळे सावकाश मिटले, आणि उघडले. आम्हीं सायकल वळविली.

तिसऱ्या रात्रीं झांकण पुन्हां वाजलें.

दिवा लावला तों एक भला थोरला करडा बोका फळीवरून वाशावर चढत होता. आमच्यादेखत तो आढ्याजवळील भगदाडांतून कौलांवर निघून गेला. जानेवारींत वानरांनीं छपरावर धुडगूस घालून तेथील दोन कौलें सरकविलीं होतीं. पावसाळ्यापूर्वीं बसवूं, म्हणून आम्हींच तीं तशीं राहूं दिलीं होतीं. त्या रात्रीं मनी नजर चुकवीत नव्हती. चोर गेला तो मार्ग ती पाहत होती, आणि आम्ही वर पाहिलें असतें तर आम्हांसही तो दिसला असता. मागें वळलों तों मुलगी दारांत उभी होती. ती कांहीं बोलली असती तर बरें झालें असतें.

दुसऱ्याच दिवशीं कौलें बसविलीं. अर्ध्या तासाचें काम होतें. त्यानंतर ओळीनें चार सायंकाळीं आम्ही मळ्यांतून "मनी, मनी" अशा हांका मारीत हिंडलों. शेतकरी हंसत. मनी सांपडली नाहीं. हांकून दिल्यापासून नवव्या दिवशीं सकाळीं दार उघडलें, तों ज्या लाकडांच्या ढिगांत ती प्रथम सांपडली होती, त्याच ढिगावर ती बसलेली होती. एक कान फाटलेला, अंग हाडकलेलें, पंजे सोललेले. आम्ही खालीं वांकलों. ती आमच्या बाजूनें निघून मुलीच्या अंथरुणांत शिरली.

त्या दिवसापासून ती उत्तरपत्रिकांवर बसेनाशी झाली. आम्ही एका खोलींत गेलों कीं ती दुसरींत जाई. आमच्या हातचें ती खात नसे. तोच घांस मुलीनें दिला तर खाई. माणसाची क्षमा मागतां येते. निदान शब्द तरी असतात. मांजराजवळ तेंही साधन नाहीं. फार तर रोज त्याच वेळीं त्याच जागीं वाटी ठेवावी आणि दूर व्हावें. आम्हीं तेंच केलें.

मार्चअखेरीस धान्याच्या कोठीमागें तिला तीन पिल्लें झालीं. म्हणजे आम्हीं तिला पोत्यांत घातलें तेव्हां तीं तिच्या पोटांत होतीं. आठदहा दिवसांनीं पिल्लांचे डोळे उघडले, आणि मनीनें तीं हलविण्यास आरंभ केला. मांजर पिल्लांना सात घरें फिरवितें असें म्हणतात. आई मानेस धरून उचलते तेव्हां पिल्लूं अंग सैल सोडून निमूट लोंबत राहतें. आपल्या देशांतील तत्त्ववेत्त्यांनीं यावरूनच शरणागतीस मार्जारकिशोरन्याय असें नांव दिलें आहे. कोठीमागून पलंगाखालीं, तेथून मुलीच्या दप्तरांच्या फडताळांत, मग माळ्यावर, अशीं तीं घरभर फिरलीं. आमची खोली तेवढी वगळली गेली.

एप्रिलच्या मध्यास एका रात्रीं आम्ही वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलों होतों. मनी तोंडांत पिल्लूं धरून दारांत उभी राहिली. बराच वेळ ती तेथेंच होती. आम्हीं लेखणी हालविली नाहीं. मग ती आंत आली, पिल्लूं गठ्ठ्यावर ठेविलें, परत गेली, दुसरें आणिलें, मग तिसरें. शेवटीं स्वतःही त्यांच्याभोवतीं वेटोळें करून बसली. तिनें आमच्याकडे पाहिलें, आणि डोळे सावकाश मिटले. या वेळीं आम्हींही मिटले. ते उघडले तेव्हां समोरची अक्षरें कांहीं वेळ नीट दिसेनात. त्या वर्गाचे गुण एक दिवस उशिरां लागले, याचें कारण इतकेंच.

जूनमध्यें शाळा सुरू झाल्यावर आमच्या वर्गांत एका मुलाची नवी कंपासपेटी नाहींशी झाली. सर्व वर्ग एकाच मुलाकडे पाहूं लागला. त्याच्याविषयीं पूर्वीं एकदोन तक्रारी होत्या. तो उभा राहिला, आणि आमच्या प्रश्नासरशीं त्यानें छताकडे पाहिलें. एरव्हीं आमचा निकाल त्याच क्षणीं लागला असता. आम्ही त्यास म्हणालों, "बस. पेटी सांपडेपर्यंत कोणींही कोणाकडे पाहूं नये." तिसऱ्या दिवशीं ती प्रयोगशाळेच्या खिडकींत मिळाली, ज्याची होती तोच तेथें विसरला होता.

तो मुलगा आतां वरच्या वर्गांत आहे. आपण त्या दिवशीं कसे सुटलों हें त्यास ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडेल तेव्हां त्यानें आमच्या घरीं जरूर यावें. मनी बहुधा टेबलावर, गठ्ठ्यावर असेल. तिला दूध आणूं नये. पाणी चालेल, आणि तेंही बादलींतलें.