शर्यतीची वर्गणी

वर्गणी हा शब्द मराठी माणसाला दोन ठिकाणी भेटतो: गणपतीच्या मंडळात आणि मासिकाच्या श्रेयनामावलीशेजारच्या चौकटीत. दोन्हीकडे पैसे देणाऱ्याला एक गोष्ट वर्षभर चालू राहायला हवी असते. क्रीडा व्हिडिओ गेमच्या ‘सबस्क्रिप्शन’ला हा शब्द लावून पाहिला, की काही सेवा त्यात चपखल बसतात आणि काही मुळीच बसत नाहीत. प्रस्तुत लेखकाचा या विषयाचा अभ्यास बरीच वर्षं याच फरकाभोवती फिरतो आहे.

ऑगस्ट 2011 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ‘ईए’ या अमेरिकी कंपनीनं ‘सीझन तिकीट’ नावाची योजना काढली. वर्षाला 24.99 डॉलर भरायचे आणि फुटबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी, गोल्फ अशा खेळांच्या पाच मालिकांतला प्रत्येक नवा गेम दुकानात येण्याच्या तीन दिवस आधी डाउनलोड करून खेळायचा. तीन दिवस झाले की ती प्रत बंद पडे. पुढं खेळायचं तर गेम पुन्हा पूर्ण किमतीला विकत घ्यावा लागे. म्हणजे त्या वर्गणीतून मिळत होती ती मुख्यतः घाई.

तीन वर्षांनी ईएनं अधिक शहाणी योजना आणली. 2014 च्या उन्हाळ्यात एक्सबॉक्स वनवर ‘ईए ॲक्सेस’ सुरू झालं: महिन्याला 4.99 किंवा वर्षाला 29.99 डॉलर, जुन्या गेम्सचा खुला साठा, नवा गेम पाच दिवसांपर्यंत आधी चाखायची मुभा आणि खरेदीवर दहा टक्के सूट. पहिल्या साठ्यात ‘फिफा 14’ आणि ‘मॅडन एनएफएल 25’ होते. सोनीनं तेव्हा ही सेवा आपल्या ग्राहकांना परवडणारी वाटत नाही म्हणून नाकारली. पाच वर्षांनी, जुलै 2019 मध्ये, तीच सेवा प्लेस्टेशनवर आली. 2020 मध्ये तिचं नाव ‘ईए प्ले’ झालं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती आपल्या ‘गेम पास अल्टिमेट’ या वर्गणीत सामावून घेतली.

क्रीडा गेमच्या बाबतीत हे गणित इतकं सोपं का जमलं? साहसकथेचा गेम दहा वर्षांनीही तितकाच रंगतो. फुटबॉलचा गेम मात्र संघांच्या याद्यांवर जगतो. खेळाडू क्लब बदलतात, कुणी निवृत्त होतो, नव्या पोरांची नावं यादीत येतात, आणि गेल्या सप्टेंबरचा गेम या सप्टेंबरात शिळा होतो. तो साठ्यात टाकल्यानं कंपनीचं फारसं नुकसान होत नाही. उलट त्यातून ‘अल्टिमेट टीम’कडे जाणारी वाट रुंद होते. तिथं खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटं विकली जातात आणि आत काय निघेल ते आधी कळत नाही. 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकांनी अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि जानेवारी 2019 मध्ये ईएला त्या देशात ही पाकिटं घेण्यासाठीचे फिफाचे पॉइंट विकणं थांबवावं लागलं. वर्गणीदाराची या पाकिटांपासून सुटका नाही. पॉइंट विकत घेताना त्याला दहा टक्के सूट मिळते, इतकंच.

घरात एक कन्सोल आणि खेळणारी दोन-तीन मुलं असतील, तर ‘ईए प्ले’ स्वस्तच पडतं, यात वाद नाही. आक्षेप आहे तो मागं काय उरतं यावर. फिफा या संघटनेशी असलेला ईएचा करार संपला आणि सप्टेंबर 2023 मध्ये, ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ बाजारात येण्याच्या सुमारास, फिफा नावाचे जुने गेम डिजिटल दुकानांतून काढले गेले. मासिकाच्या वर्गणीदाराकडे निदान जुने अंक माळ्यावर पडून असतात.

‘ईए प्ले’च्या अगदी दुसऱ्या टोकाला मोटार शर्यतींचं ‘आयरेसिंग’ उभं आहे. डेव्ह केमर यांनी 1989 मध्ये पपायरस कंपनीतून ‘इंडियानापोलिस 500: द सिम्युलेशन’ हा गेम बाहेर काढला होता. 2004 मध्ये त्यांनी बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक जॉन हेन्री यांच्याबरोबर नवी कंपनी स्थापन केली आणि 2008 मध्ये आयरेसिंग सर्वांसाठी खुलं झालं. इथं पहिल्या दिवसापासून वर्गणीच आहे, महिन्याला साधारण 13 डॉलर. सोबत मोजक्या गाड्या आणि ट्रॅक मिळतात, बाकीचे एकेक करून विकत घ्यावे लागतात. सेवा महाग आहे, आणि स्टिअरिंग व पेडलचा खर्च धरला तर आणखी महाग.

तरी लोक वर्षानुवर्षं वर्गणी भरतात, कारण त्यांना तालीम मिळते. खऱ्या नावानंच उतरावं लागतं. नवा सदस्य ‘रूकी’ परवान्यापासून सुरुवात करतो आणि डी, सी, बी करत ए परवान्यापर्यंत चढतो. हे चढणं नुसत्या वेगावर ठरत नाही. गाडी ट्रॅकबाहेर गेली की एक दोषगुण, गाडीवरचा ताबा सुटला की दोन, जोराची धडक बसली की चार. चूक कुणाची हे संगणक पाहत नाही. धडकेतल्या दोघांच्याही नावावर गुण लागतात. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं. पण काही आठवड्यांत तो समोरच्याच्या चुकीचा अंदाज घेऊन आधीच ब्रेक दाबायला शिकतो, आणि ही अक्कल खऱ्या ट्रॅकवरही उपयोगी पडते. विल्यम बायरन हा नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यत मालिकेचा आघाडीचा चालक आधी आयरेसिंगवरच घडला आणि मग खऱ्या गाडीत बसला.

मार्च 2020 मध्ये कोविडनं खऱ्या शर्यती बंद पाडल्या, तेव्हा नॅसकारचे चालक घरी बसून आयरेसिंगवर उतरले. 22 मार्चला होमस्टेड-मायामीच्या आभासी ट्रॅकवर झालेली पहिली शर्यत डेनी हॅमलिननं डेल अर्नहार्ट ज्युनियरला शेवटी मागं टाकून जिंकली. टीव्हीवर ती सुमारे नऊ लाख लोकांनी पाहिली. हॅमलिन अनवाणी पायांनी पेडल दाबत होता.

त्या वर्षीच्या या आभासी शर्यतींतली शेवटची शर्यत 9 मे 2020 रोजी नॉर्थ विल्क्सबरो या ट्रॅकवर झाली. तो ट्रॅक तेव्हा प्रत्यक्षात मेलेला होता. नॉर्थ कॅरोलायनात 1947 पासून असलेला, पाऊण मैलाहूनही छोटा, एका बाजूला चढ आणि दुसऱ्या बाजूला उतार असलेला हा ट्रॅक. 1996 च्या सप्टेंबरात नॅसकारच्या ‘कप’ या मुख्य मालिकेतली तिथली तेव्हापर्यंतची शेवटची शर्यत झाली. मालकांनी शर्यतीच्या तारखा दुसऱ्या ट्रॅकना दिल्या, आणि मग डांबराच्या फटींतून गवत वर आलं.

डिसेंबर 2019 मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियर काही माणसं घेऊन तिथं पोचला आणि त्या सगळ्यांनी ट्रॅकवरचं रान साफ केलं. शर्यत भरवण्याचा विचार त्यामागं नव्हता. आयरेसिंगच्या लेझर यंत्राला डांबर दिसायला हवं होतं, एवढंच. हे यंत्र पृष्ठभागाचा प्रत्येक उंचवटा आणि भेग मोजून घेतं. निदान संगणकात तरी ट्रॅक राहावा, ही अर्नहार्टची इच्छा होती.

आभासी शर्यत लोकांनी पाहिली आणि खऱ्या ट्रॅकबद्दलची हळहळ पुन्हा जागी झाली. 2021 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यानं कोविड मदतनिधीतून त्याच्यासाठी 1 कोटी 80 लाख डॉलर मंजूर केले. 21 मे 2023 रोजी नॅसकारची ऑल-स्टार शर्यत तिथं झाली आणि काइल लार्सननं ती जिंकली. गाड्या धावल्या त्या 1981 मध्ये टाकलेल्या, झिजून खरखरीत झालेल्या डांबरावरून. पुढच्या वर्षीच्या शर्यतीआधी ते उकरून नवं टाकण्यात आलं. जुन्या डांबराची मापं मात्र 2019 च्या त्या डिसेंबरात घेऊन ठेवलेली होती.