पाठमोरी शर्यत

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वसलेले सिअ‍ॅटल हे तळ्यांचे आणि खाड्यांचे शहर. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे 'कॉनिबेअर नौकागृह' पाहण्याचा योग मला उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. तेथे खेळाडूंच्या भोजनगृहाच्या छताला एक लांबलचक नौका टांगलेली आहे. खाली विद्यार्थी जेवत असतात आणि त्यांच्या डोक्यावर इतिहास विसावलेला असतो!

'हस्की क्लिपर' हे त्या नौकेचे नाव. लांबी साठ फुटांच्या घरात, रुंदी मात्र एक माणूस जेमतेम बसेल एवढीच. जॉर्ज पोकॉक या कुशल कारागिराने लाल सीडरच्या पातळ लाकडातून तिची काया घडविली. हिच्यातूनच आठ वल्हेकरी आणि एक सुकाणूधारी अशा नऊ विद्यार्थ्यांनी १९३६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले.

ही मुले धनिकांची नव्हती. मंदीच्या त्या काळात कित्येकांना मोलमजुरी करून शिकावे लागे. बर्लिनला जाण्यासाठी ५००० डॉलर हवे होते. ते सिअ‍ॅटलच्या नागरिकांनी वर्गणी काढून उभे केले. १४ ऑगस्ट रोजी बर्लिनजवळील ग्र्यूनाउ येथे, खुद्द हिटलरच्या समक्ष, २००० मीटरची अंतिम शर्यत झाली. अमेरिकन नौकेच्या वाट्याला वाऱ्याचा मारा असलेली बाजू आली होती. प्रमुख वल्हेकरी डॉन ह्यूम आजारी होता. आरंभी मागे पडलेली ही नौका ६ मिनिटे २५.४ सेकंदांत पोहोचली, इटली ६:२६.० आणि जर्मनी ६:२६.४. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकात अवघ्या एका सेकंदाचे अंतर! दुसऱ्याच दिवशी बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या भारतीय हॉकी संघाने जर्मनीला ८-१ असे नमविले. ज्यांच्या नावाचे क्रीडांगण आमच्या ग्वाल्हेरीत आहे ते रूपसिंग त्याच संघात होते.

नौकेकडे मान वर करून पाहताना मला मोठे नवल वाटले ते तिच्यातील बैठकीचे. आठही वल्हेकरी ध्येयाकडे पाठ करून बसतात. पुढचे पाणी दिसते ते केवळ सुकाणूधाऱ्याला; त्या दिवशी तो होता बॉब मॉक. त्याच्या शब्दावर बाकीच्यांनी सर्व बळ पणाला लावायचे. त्यांच्यात जो रँट्झ हा मुलगा होता. पंधराव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांनी त्याला एकटे मागे ठेवून गाव सोडले होते. कोणावर विसंबायचे नाही, हाच धडा त्याला आयुष्याने दिला होता. अशा मुलाला या नौकेत न दिसणाऱ्या वाटेवर दुसऱ्याच्या भरवशाने वल्हे मारावे लागले.

शाळेत वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला असे रँट्झ वर्गावर्गांतून भेटतात. ते मागच्या बाकावर बसतात, कमी बोलतात, मदत मागत नाहीत. आपण त्यांना स्वावलंबी म्हणून शाबासकी देतो आणि पुढे जातो. बळ त्यांच्यापाशी असतेच. विश्वास टाकता येईल अशी एखादी नौका मात्र त्यांना कोणीतरी मिळवून द्यावी लागते. सिअ‍ॅटलच्या त्या मुलाला ती मिळाली. आपल्या मुलांना ती देण्याचे काम घराचे आहे, आणि घर उणे पडले तर शाळेचे.