आमची आखूड बंदूक

पेटी उघडून आम्ही ती वस्तू बाहेर काढली, तेव्हा घरात सर्वांच्या आधी आमच्या मातोश्री हसल्या. चुलीवरचे आधण तसेच टाकून त्या ओसरीवर आल्या होत्या. "तुवें अर्दीच बंदूक हाडली?" असे त्यांनी विचारले, आणि उरलेली अर्धी पेटीच्या तळाशी आहे की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी खरोखरीच थर्माकोल उचलून पाहिला. आमच्या घरात बोलणे कोंकणीत चालते, शाळेत आम्ही मराठी शिकवतो आणि बंदुकीसोबत आलेली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. तीनही भाषांत मिळून त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या क्षणी देता आले नाही.

मातोश्रींचे हसणे अनाठायी नव्हते. बंदूक म्हणजे काय, याची त्यांची कल्पना आमच्या वडिलांच्या बाराबोरवरून ठरलेली. ती परवान्याची बंदूक चांगली हातभर नव्हे, अडीच हात लांब होती. वायंगणाची शेती रानडुकरे एका रात्रीत उकरून टाकीत, म्हणून वडील ती घेऊन मांगरात जागत आणि पहाटे आकाशाकडे एखादा बार काढून घरी परतत. निवडणुका आल्या की इतर परवानेदारांप्रमाणे तेही ती पोलीस ठाण्यात जमा करीत, आणि मतमोजणी झाली की जाऊन घेऊन येत. दाराच्या चौकटीत ती नेहमी अडे. एकदा तिने देव्हाऱ्याची समई पाडली होती. त्या बंदुकीच्या मानाने आमची ही नवी खरेदी म्हणजे एखाद्या उंच गृहस्थाला मांडी घालून बसविल्यासारखी दिसत होती. लांबी अवघी ७२ सेंटीमीटर आणि दस्त्याचा निराळा भाग असा नाहीच!

विद्यार्थिमित्रहो, ही बंदूक दारूगोळ्याची नव्हे, हवेची आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ४.५ मिलिमीटर व्यासाचा, डमरूसारख्या कमरेचा शिशाचा छर्रा ती फेकते. तथापि हवेची असली तरी ती खेळणे नाही. छऱ्याने डोळा जातो, आणि डोळा पुन्हा मिळत नाही.

ती घेण्याचे कारण असे. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुका आमच्या गोव्यापासून फार दूर नाही. घाट चढून गेले की झाले. तेव्हापासून आमच्या वर्गांत नेमबाजीचे वारे शिरले. शाळेच्या मागील पडवीत वाळूच्या पोत्यांची भिंत रचून दर शनिवारी सराव सुरू झाला. शाळेकडे हवेच्या दोन जुन्या बंदुका होत्या. दर खेपेस नळी मोडून, आतील कमान दाबून त्या सज्ज कराव्या लागत. त्याला मनगटात चांगलाच जोर लागतो, शिवाय दोन्हींचे सारे वजन पुढच्या टोकाला. आठवीतील एक मुलगी, वयाच्या मानाने लहानखुरी, दोन नेम झाले की तिचे हात थरथरू लागत. ती कुरकुरली कधीच नाही. फक्त पाळी आली की "सर, आधी तिला द्या" असे म्हणून मागे सरे. ते मागे सरणे आमच्याने पाहवेना.

अशा वेळी शहाण्या माणसाने जाणकाराला विचारावे. आम्ही चित्रांची पुस्तिका पाहिली! तीत या प्रकाराला बुलपप असे नाव होते. बुलपप म्हणजे बुलडॉग जातीच्या कुत्र्याचे पिल्लू. आखूड, जाडगेले आणि अंगात दम असलेले. चित्राखाली लिहिले होते की वजनाचा तोल खांद्याजवळ राहतो. आम्हांला तेवढे पुरले. घराचे नळे बदलण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात गेली, हे येथे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, कारण हा अंक घरीही वाचला जाणार आहे.

या बंदुकीची मांडणी मात्र खरोखरीच कौतुक करण्याजोगी आहे. नेहमीच्या बंदुकीत चाप मागे असतो, त्याच्या पुढे यंत्र, यंत्रापुढे नळी, आणि चापाच्या मागे खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता. या दस्त्यात असते काय? काहीच नाही. तो केवळ टेकण्यापुरता. ज्याने प्रथम ही रिकामी जागा हेरली त्याने सारे यंत्र उचलून दस्त्यातच घातले आणि चाप पुढे सरकवला. नळी तेवढीच राहिली, बंदूक मात्र आखूड झाली. आपल्याच सैन्यातील उदाहरण घ्या. इन्सास रायफलीची नळी ४६४ मिलिमीटर आणि एकूण लांबी ९६० मिलिमीटर. आपल्या विशेष दलांनी वापरलेल्या इस्रायली तावोरची नळी ४६०, म्हणजे जवळजवळ तेवढीच, पण एकूण लांबी ७२० मिलिमीटर. जवळपास एक वीत वाचली. मोटारीतून, विमानातून किंवा अरुंद जिन्यातून जाणाऱ्याला त्या वितीचे मोल कळते. समई पडलेल्या घरालाही कळते.

कल्पना नवी नाही. १९०१ साली थॉर्नीक्रॉफ्ट नावाच्या स्कॉटिश गृहस्थांनी अशी बंदूक केली होती. ब्रिटिश सैन्याने ती तपासली आणि धक्का फार बसतो, हाताळणी अवघड आहे, म्हणून परत केली. पुढे १९५१ साली त्याच सैन्याने ईएम-२ नावाची अशीच रायफल स्वीकारली, आणि त्याच वर्षी सरकार बदलताच तो निर्णय मागे घेतला. सत्तरीच्या दशकाअखेर ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांनी ती आपापल्या सैनिकांच्या हाती खरोखर दिली. फ्रेंच सैनिक आपल्या रायफलीला तिच्या आकारावरून रणशिंग म्हणत. परंतु फ्रान्सनेही २०१७ पासून तिच्या जागी पुन्हा जुन्या धाटणीची रायफल आणली. सव्वाशे वर्षे हे कौतुक आणि हा कंटाळा असा आळीपाळीने चालू आहे. त्याचे कारण पुस्तिकेत नव्हते. ते आम्हांला पुढच्या तीन दिवसांत कळले.

पहिल्या दिवशी हवा भरली. मोटारीच्या चाकात असतो त्याच्या ऐंशी-नव्वद पट दाब या बंदुकीच्या टाकीत लागतो, आणि तो हातपंपाने भरायचा. सायकलीत हवा भरण्याची आम्हांला सवय असल्याने आम्ही सदरा न काढताच उभे राहिलो. साठाव्या दट्ट्याला सदरा काढला. पुढचे दट्टे मोजले नाहीत. मात्र एकदा टाकी भरली की पुढे कितीतरी छर्रे बोटाच्या जोरावर सुटतात, मनगटाला काम उरत नाही. आमच्या विद्यार्थिनीला हेच हवे होते, म्हणून घाम पुसताना आम्ही मनातून प्रसन्न होतो.

दुसऱ्या दिवशी चाप ओढून पाहिला. तो पुढे आणि यंत्र मागे, तेव्हा दोहोंना जोडणारी एक लांब सळई आत असते. जुन्या सायकलींना सळईचे ब्रेक असत ते ज्यांनी दाबले असतील त्यांना ही भावना चटकन उमगेल. हाताने काहीतरी केले आणि दूर कोठेतरी काहीतरी झाले, एवढेच कळते. नेमका क्षण बोटाला समजत नाही. नेमही चुकला. दहा मीटरवरचे पहिले पाच छर्रे काळ्या ठिपक्याच्या चार बोटे खाली लागले. यात बंदुकीचा दोष नव्हता. सरळ दस्ता असल्यामुळे दुर्बीण नळीच्या बरीच वर बसवावी लागते, आणि ती दूरच्या अंतरासाठी जुळवलेली असली तर जवळच्या निशाणावर छर्रा खाली लागणारच. आमच्या दहावीच्या मुलांनी फळ्यावर त्याची आकृती काढून समरूप त्रिकोण दाखवले. भूमितीचा असा उपयोग झालेला पाहून गणिताचे शिक्षक कृतकृत्य झाले.

तिसरा दिवस शनिवार. त्या मुलीने बंदूक हाती घेतली, तोल पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून नळ्यांचे पैसे वसूल झाले असे आम्हांला वाटले. तिने ती खांद्याला लावली.

डाव्या खांद्याला लावली.

ती डावरी आहे. हे आम्हांला ठाऊक होते. तिच्या वह्या आम्ही तपासतो. शाई पुसली जाऊ नये म्हणून वही तिरपी धरून लिहिणारी मुलगी वर्गात ती एकच. तरीही खरेदी करताना ते आमच्या ध्यानी आले नाही. या बंदुकीचा छर्रा पुढे सारण्याचा खटका उजव्या अंगाला आहे, आणि सारे यंत्र दस्त्यात असल्यामुळे तो खटका नेमबाजाच्या गालापाशी येतो. उजव्या खांद्यावर तो गालाच्या पलीकडे राहतो. डाव्या खांद्यावर धरली की तो थेट जबड्याला लागतो, आणि तो ओढायला हात मानेभोवतून न्यावा लागतो. गाल टेकण्याचा उंचवटाही एकाच बाजूचा. लांब बंदुकीत हा खटका गालाच्या बराच पुढे असल्याने डावरा मनुष्य कसेबसे भागवून नेतो. बुलपपात ती सोय नाही. दारूच्या रायफलीत तर जळालेले पुंगळे उजवीकडून बाहेर उडते. ब्रिटिशांची एल-८५ या कारणाने केवळ उजव्या खांद्यावरूनच चालवायची आहे. ऑस्ट्रियाच्या आणि फ्रान्सच्या रायफलीत ती बाजू बदलून घेता येते. आमच्या पुस्तिकेत तशी सोय आमच्याहून महाग प्रकारात होती. जिच्यासाठी घेतली तिलाच नेमकी न चालणारी वस्तू आम्ही हौसेने, निवडून आणली होती.

तिला काही सांगण्याआधी तिनेच बंदूक उजव्या खांद्यावर नेली. "चालेल सर," ती म्हणाली.

आमच्या घशाशी काहीतरी आले, कारण हे ‘चालेल’ आमच्या ओळखीचे होते. आम्हीही जन्मत: डावरे. पहिलीत असताना एका गुरुजींनी आमचे डावे मनगट रुमालाने बाकाला बांधले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरी पाटावर बसले की "दाव्या हातान जेवूं नाका" हे वाक्य मिठासारखे रोज वाढले जाई. आम्ही उजवे झालो. सोळाव्या वर्षी वडिलांनी बांधावर नारळाची करवंटी ठेवून बाराबोर प्रथमच आमच्या हाती दिली. आम्ही ती नकळत डाव्या खांद्याला लावली, आणि वडिलांनी काही न बोलता, अगदी हळुवारपणे, ती उजव्या खांद्यावर आणून ठेवली. तिन्ही बार हुकले. "तुका जमचें ना," ते म्हणाले. रागाने नव्हे, पाऊस येईल असे म्हणावे तसे. पुन्हा त्यांनी ती आमच्या हाती दिली नाही. ते गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा झाली ती अद्याप तेथेच आहे.

हातांप्रमाणे डोळ्यांतही एक थोरला असतो, हे आम्हांला या वर्षी कळले. दोन्ही तळहात जुळवून मध्ये लहानशी खिडकी करावी, तिच्यातून दूरचा एखादा माड पाहावा, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला माड दिसत राहतो तो थोरला. आमचा डावा. म्हणजे त्या दिवशी बांधावर आम्ही करवंटीकडे धाकट्या डोळ्याने पाहत होतो. वडिलांना हे सांगायला हवे होते असे वाटते. पण तेव्हा सांगणार कोण? आम्हांलाच ठाऊक नव्हते.

मुलीचाही थोरला डोळा डावाच निघाला. "उजवीकडे नेऊ नकोस," आम्ही म्हणालो, "तुझ्या बाजूनेच धर. खटक्याचे पाहू." पाहण्यासारखे काहीच नव्हते, हे दोघांनाही दिसत होते. विक्रेत्याला दूरध्वनी केला. पेटी शाबूत असेल तर बदलून देऊ, वरचे पैसे भरावे लागतील, असे तो म्हणाला. वरचे पैसे म्हणजे स्वयंपाकघरावरचेही नळे.

दरम्यान मुलीने आपली युक्ती काढली होती. छर्रा सुटला की ती बंदूक खांद्यावरून उतरवून गुडघ्यावर आडवी घेई, खटका डाव्या हातानेच ओढी, श्वास घेई, आणि पुन्हा खांद्याला लावी. दर छऱ्याला मिनिटभर जाई. मागच्या रांगेतील मुले चुळबुळू लागली. आम्ही त्यांना सांगितले की ऑलिंपिकच्या दहा मीटर स्पर्धेत ६० छऱ्यांसाठी ७५ मिनिटे असतात आणि तेथेही प्रत्येक नेमानंतर बंदूक खाली उतरवून विसावा घेतात. दहाचा ठिपका तेथे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, घाई करून तो कोणालाच सापडत नाही. तेथील बंदुका लांबच असतात, आमच्यासारख्या बुलपप नव्हेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले. तिने ते ऐकले नसावे. तिचे लक्ष कागदावर होते. दहा छऱ्यांपैकी सात काळ्यात होते, आणि तिचे हात थरथरत नव्हते.

मुले गेल्यावर पडवीत आम्ही एकटेच उरलो. करवंटी शाळेत कोठून मिळणार? म्हणून नवा कागद लावला. बंदूक डाव्या खांद्याला लावली. वीस वर्षांत प्रथमच, आणि आजूबाजूला कोणी नसतानाही उगाच एकदा मागे वळून पाहिले. जबड्याला खटका टोचला. किती छर्रे लागले तो आकडा येथे देत नाही. मुलीच्या सातांपेक्षा कमी होता, एवढेच. पण तिन्हींच्या तिन्ही हुकले नाहीत.

रविवारी बंदूक परत पाठवावी की ठेवावी, हा विचार करीत आम्ही पेटी शोधू लागलो. ती ओसरीवर नव्हती, माळ्यावरही नव्हती. शेवटी स्वयंपाकघरात सापडली. मजबूत खोका, घट्ट झाकण, आत दमट शिरत नाही, असे पाहून मातोश्रींनी तीत वर्षाची आमसुले भरून ठेवली होती.