आधीचं नंतर, नंतरचं आधी

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. चाळिशी जवळ आली असताना मी वैमानिक व्हायचं ठरवलं, तेव्हा भेटेल त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता : या वयात जमेल का? माझ्याही मनात तोच होता. प्रवासी विमान वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच उडवता येतं. परवाना, नोकरी, सहवैमानिक म्हणून काही वर्षं आणि मग कॅप्टन, असा हिशेब मांडला की हातात फार थोडी वर्षं उरायची. त्या भीतीपोटी मी प्रत्येक पाऊल घाईने टाकलं. आता सगळा जमाखर्च मांडल्यावर दिसतं की वयामुळे माझं नुकसान थोडंच झालं. मोठं नुकसान केलं ते घाईने, कारण घाईत मी कामांचा क्रम मोडत गेले. उशिरा या वाटेला लागणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

सुरुवात पैशांपासून झाली. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये मी जून महिन्यात प्रवेश घेतला आणि फीचा मोठा हप्ता त्याच दिवशी भरला. व्यावसायिक परवान्यासाठी ‘क्लास वन’ मेडिकल पार करावं लागतं. शिकायला सुरुवात करण्यापुरतं ‘क्लास टू’ चालतं, तेवढं मी उरकलं आणि ‘क्लास वन’ पुढे बघू म्हटलं. मी स्वतः डॉक्टर, मला काय होणार आहे, ही खात्री होती. थायरॉइडची गोळी मी बरीच वर्षं घेत होते. ऑपरेशनच्या आधी प्रत्येक पेशंटला मी ‘कुठली गोळी रोज चालू आहे का’ हे विचारते, पण स्वतःची गोळी मी आजारात धरलीच नव्हती. ‘क्लास वन’च्या तपासणीत ती नोंदवल्यावर ताजे रिपोर्ट आणि तज्ज्ञाचं मत मागवलं गेलं, आणि तोवर ‘तात्पुरते अपात्र’ असा शेरा बसला. आजार आटोक्यात होता, त्यामुळे पुढे मी पात्र ठरले. मात्र ते कागद जमेपर्यंत महिने गेले आणि मोठी रक्कम देऊन बसलेली मी, पुढे जाता येईल की नाही हेच न कळता थांबून राहिले. त्या तपासणीचा खर्च फीच्या मानाने किरकोळ होता. ती सगळ्यात आधी करायला हवी होती.

जूनचा मुहूर्तही असाच. नवशिक्याला जमीन आणि क्षितिज डोळ्यांनी पाहूनच विमान उडवायचं असतं. त्यासाठी किमान ५ किलोमीटर दृश्यता लागते आणि ढगांपासून ठरलेलं अंतर राखावं लागतं. सह्याद्रीच्या पायथ्यापासून पूर्वेला पसरलेल्या त्या मुलखात आषाढ-श्रावणात ढग इतके खाली उतरतात की विमानं दिवसचे दिवस हँगरमध्ये उभी असतात. ‘पाऊस सरल्यावर या, तोवर थिअरी करा,’ असं तिथल्या प्रशिक्षकांनी मला आधीच सांगितलं होतं. चार महिने थांबणं मला परवडणारं वाटलं नाही. मी कामातून सुट्टी काढून तिथे खोली घेतली आणि ते चार महिने बहुतेक पाऊस बघण्यात घालवले.

गणिताचा घोळ याहून महागात पडला. बारावीला मी जीवशास्त्र ठेवलं आणि गणित सोडून दिलं होतं. व्यावसायिक परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, दोन्ही लागतात, हा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कुठे लपवून ठेवलेला नव्हता. शिकाऊ परवान्याला ती अट नसल्याने माझं उड्डाण सुरू झालं होतं, आणि एकदा चाक जमिनीवरून सुटलं की कागदपत्रं होतील मागाहून, असं मी मानलं. प्रत्यक्षात डीजीसीएच्या लेखी परीक्षांना बसायला आधी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, आणि तो बारावीच्या गुणपत्रिकेची पडताळणी झाल्यावर मिळतो. मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून गणिताला बसले. मुलगी तेव्हा दहावीत होती. तिची त्रिकोणमिती आणि माझं कॅल्क्युलस रात्री एकाच टेबलावर चालायचं. अभ्यासाचा मला त्रास वाटला नाही. त्रास झाला तो वेळेचा : निकाल, पडताळणी, कॉम्प्युटर नंबर आणि त्यानंतर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम आणि टेक्निकल हे पेपर. प्रत्येकात पास व्हायला ७० टक्के लागतात.

खरी चूक मी केली ती या मधल्या काळात. पेपर रखडले आहेत हे दिसत असताना मी तास भरत राहिले. परवान्याला एकूण २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, त्यांपैकी २० तास दूरच्या उड्डाणांचे, शिवाय रात्रीच्या उड्डाणाचे ५ तास. वहीत तास वाढताना बघून आपण पुढे सरकतो आहोत असं मला वाटायचं. पण त्या २०० तासांतले किमान १५ तास अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. माझे पेपर निघाले तोवर माझं उड्डाण जुनं झालं होतं. ते तास मी पुन्हा पैसे भरून उडवले, आणि हाताची सवयही मोडलेली असल्याने प्रशिक्षकाबरोबर आणखी काही उडवावे लागले. पेपर आधी आणि तास नंतर, एवढाच बदल केला असता तर हा सगळा खर्च टळला असता.

आता जी चूक सांगायची आहे, ती सांगायला मला सगळ्यात जड जातं. एका दूरच्या सोलो उड्डाणावरून मी संध्याकाळी परतत होते. मला उशीर झाला होता, खाली दुसरा विद्यार्थी त्याच विमानासाठी थांबला होता. धावपट्टीच्या रेषेत वळले तेव्हा मी उंच होते आणि वेगही जास्त होता. आमच्या सेसना १७२ साठी शेवटच्या टप्प्यात साधारण ६५ नॉट धरायला शिकवलेलं होतं, माझा काटा त्याच्या बराच वर होता. अशा वेळी एकच करायचं असतं : पूर्ण पॉवर द्यायची, वर जायचं आणि पुन्हा फेरी मारून यायचं. गो-अराउंड. त्याला सहा-सात मिनिटं लागली असती. मी म्हटलं, सावरून घेऊ. चाकं टेकली आणि विमान उसळलं. तेव्हाही गो-अराउंड करता येत होतं. मी घाबरून कंट्रोल पुढे ढकलला, पुढचं चाक आधी आपटलं, विमान पुन्हा उसळलं, पुन्हा आपटलं आणि मग कसंबसं थांबलं. मला खरचटलंही नाही. विमान मात्र तपासणीसाठी बाजूला गेलं आणि इतर विद्यार्थ्यांची उड्डाणं रद्द झाली.

माझा प्रशिक्षक माझ्यापेक्षा वयाने बराच लहान होता. त्याने शांतपणे विचारलं, “गो-अराउंड का नाही केलंत, मॅडम?” मी म्हणाले, “वारा अचानक फिरला.” वारा फिरला नव्हता. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक मरगळून लटकत होता आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये इतकी वर्षं माझा शब्द शेवटचा होता, त्यामुळे ‘माझं चुकलं’ हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडेना. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे जाऊन खरं सांगितलं. त्याने मला सोलोवरून काढून पुन्हा आपल्याबरोबर उडायला लावलं, आणि ते योग्यच होतं.

या प्रसंगाची बोच जास्त आहे, कारण हा धडा मी स्वतः शिकवत आले होते. २००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली नावाची तरुण स्त्री सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिला श्वास देता येईना. अनुभवी डॉक्टर श्वासनलिकेत नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हापुन्हा करत राहिले, ऑक्सिजन खाली गेलेला असताना. नर्सने गळ्यातून वाट करण्याचं साहित्य आणून ठेवलं होतं, त्याकडे लक्ष दिलं गेलं नाही. एलेन वाचली नाही. तिचा नवरा मार्टिन ब्रोमिली एअरलाइनचा वैमानिक. त्याने कुणाला शिक्षा व्हावी म्हणून हट्ट धरला नाही. कॉकपिटमध्ये माणसांच्या चुकांचा जसा अभ्यास होतो तसा वैद्यकात व्हावा म्हणून त्याने २००७ मध्ये संस्था उभी केली. ही केस मी ज्युनिअर डॉक्टरांना शिकवते. ‘एकच गोष्ट पुन्हापुन्हा करू नका, थांबा, पर्याय घ्या,’ असं बजावते. आणि माझ्या हातात पर्याय असताना मी तेच केलं. एका कामातली शिस्त दुसऱ्या कामात आपोआप येत नाही, ती तिथे नव्याने अंगी बाणवावी लागते, हे मला त्या धावपट्टीवर कळलं.

परवाना २०१९ च्या सुरुवातीला हातात आला. तोवर पूर्ण शहाणपण आलं असतं तर मी थांबले असते. पण वैमानिकांची टंचाई आहे असं सगळीकडे ऐकू येत होतं, म्हणून नोकरीचं पत्र हातात नसताना मी एअरबस ए-३२०चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता, स्वतःच्या पैशांनी करायला घेतलं. त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची मुदत ठेव मोडली. ठेव आम्हा दोघांच्या नावावर होती, एकाची सही पुरायची. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मी नाही म्हटलं नसतं. पण आधी विचारायला हवं होतंस.” वैमानिक होण्यासाठी मी जे काही केलं त्यात याचाच मला सगळ्यात जास्त पश्चात्ताप आहे.

त्याच एप्रिलमध्ये देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीची उड्डाणं थांबली. हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक नोकरी शोधू लागले, त्यांच्यापुढे माझे थोडेसे तास कोण बघणार? पुढच्या मार्चमध्ये कोविड आला आणि देशांतर्गत विमानंही दोन महिने जमिनीवर राहिली. टाइप रेटिंग केलं म्हणजे झालं असं नसतं. ते चालू ठेवायला सिम्युलेटरवर ठरावीक काळाने चाचणी द्यावी लागते आणि त्याचेही पैसे लागतात. ते मी पुढे सोडून दिलं. माझी हॉस्पिटलांची कामं मी आधीच सोडली होती, तीही घाईतच. कोविडच्या आयसीयूंना भूलतज्ज्ञांची नितांत गरज होती, म्हणून मला परत बोलावलं गेलं आणि घर सावरलं. ते संकट सगळ्यांसाठीच भयंकर होतं, आणि माझा जुना व्यवसाय मला परत मिळाला तो त्यामुळे. याला मी स्वतःचं नियोजन म्हणू शकत नाही.

एअरलाइनचं कॉकपिट मला मिळालं नाही. पुढे तास वाढवून, परीक्षा देऊन मी सहाय्यक उड्डाण प्रशिक्षक झाले. आठवड्यातले काही दिवस थिएटरमध्ये असते आणि काही दिवस धावपट्टीवर. उड्डाणावरचं माझं प्रेम जराही कमी झालेलं नाही. पहिल्यांदा सोलो करून उतरलेला मुलगा किंवा मुलगी समोर आली की मला अजून भरून येतं. मुलीची ठेव आम्ही दोघांनी मिळून पुन्हा उभी केली.

नोकरी करणारी, संसारातली माणसं माझ्याकडे येतात आणि विचारतात, आता उशीर झाला का? मी त्यांना नाही म्हणत नाही. क्रम सांगते. आधी ‘क्लास वन’ मेडिकल. मग बारावीची गुणपत्रिका आणि कॉम्प्युटर नंबर. मग पेपर, आणि पाऊस संपल्यावर उड्डाण. टाइप रेटिंगचे पैसे पुढची नोकरी दिसल्यावरच. चालू व्यवसाय शेवटपर्यंत सोडू नका. आणि या सगळ्याआधी, पैसे किती लागतील हे कागदावर लिहून घरच्यांसमोर ठेवा. पुढच्या भेटीला जोडीदाराला घेऊन या, असं मी प्रत्येकाला सांगते. जो एकटाच परत येतो, त्याला मी पुन्हा घरी पाठवते.